मिसेस लोडरच्या वहीतलं गाणं

फर्नहॉल्ट, हॅम्पशर
४ फेब्रुवारी १९५८

प्रिय लायनेल,

आधी खुर्चीत बस. हातात चहा असेल तर खाली ठेव. मी चेटकीण झाले आहे.

हसून झालं असेल तर पुढे वाच. गेली दोन वर्षं दर पौर्णिमेला मी 'विणकामाच्या वर्गाला' जाते असं तुला लिहीत आले, आणि इतक्या वर्गांनंतरही मला साधा मोजा का विणता येत नाही, हे तू एकदाही विचारलं नाहीस. मावसभाऊ म्हणून तू शून्य आहेस. चेटकाविरुद्धचा कायदा उठून सात वर्षं झाली, तेव्हा मला भेटायला तुरुंगात यावं लागणार नाही.

आम्ही आठ जण आहोत. आमच्या पुरोहितीण मिसेस लोडर, पासष्टीच्या पुढच्या, मधमाश्या पाळतात. त्यांच्या घरामागे जंगलाच्या कडेला वर्तुळ आखायचं, चार दिशांना वंदन करायचं, चंद्राला हाक मारायची आणि मग केक आणि वाइन. सैतान येत नाही. आलाच तर त्यालाही केकचा तुकडा मिळेल. आणि रविवारच्या पेपरात छापतात तसे आम्ही उघडे नाचतो का, हे तू विचारण्याआधीच सांगते: लंडनच्या बाजूचे लोक नाचतात म्हणे. आम्ही कोट घालतो. हा हॅम्पशरचा फेब्रुवारी आहे.

आता कामाचं. आमची सगळी वचनं एका वहीत आहेत. ती छापायची नाहीत. नवा माणूस आला की त्याने शिकवणाऱ्याच्या स्वयंपाकघरात बसायचं आणि तिच्या वहीतून आपल्या हाताने उतरवून घ्यायचं, जसं आहे तसं, चुकांसकट. एका विधीत मध्येच 'उबदार जागी झाकून ठेवावे, फुगून दुप्पट होईपर्यंत' असं येतं. कुणीतरी कधीतरी उतरवता उतरवता पावाची कृती आत घातली असणार. आम्ही तेही डोळे मिटून म्हणतो.

मिसेस लोडरचे सांधे धरलेत. मे महिन्याच्या आदल्या संध्याकाळी त्या पुरोहितपण माझ्याकडे देणार आहेत. पण आमच्यातले मेजर टफनेल अडून बसलेत. परवाच्या मेणबत्त्यांच्या सणाला सगळ्यांसमोर म्हणाले, "वही खरंच जुनी आहे हे आधी दाखवा. शब्द जुने नसतील तर आपण काय, टेकडीवर जमून नाटक करतोय?" नाही दाखवता आलं तर ते जाणार, आणि आणखी चौघं त्यांच्यामागे जाणार. मग आम्ही तीन उरणार, आणि तिघांत वर्तुळ होत नाही.

तू जुन्या पुस्तकांत आयुष्य काढलंस. वही जुनी आहे हे सिद्ध करून दे ना.

तुझी,
हेस्टर

*

लीड्स
१० फेब्रुवारी

प्रिय हेस्टर,

चहा सांडला. नव्या पॅन्टवर.

मला धक्का बसायला हवा होता, पण खरं सांगू? हेवा वाटला. माझ्याकडे पौर्णिमेला फक्त वाचनालयाच्या समितीची बैठक असते आणि तिथे केकही नसतो.

बघतो. पण माझ्या दोन अटी आहेत. एक, मजकूर पाहिल्याशिवाय मी काही बोलणार नाही. तुमची शपथबिपथ असेल ती मिसेस लोडरना विचारून सोडवून घे. दोन, 'सिद्ध करून दे' असं मला सांगायचं नाही. शब्द कुठून आला ते मी शोधीन, आणि जिथे पोचेन ते लिहीन. लोक एका विदुषीचं पुस्तक वाचून सांगतात की चेटकिणींचा धर्म अश्मयुगापासून चालत आलाय. दुसरे सांगतात की हे सगळं युद्धानंतर कुणा पेन्शनर माणसाने बागेतल्या खोपटात बसून रचलं. मला दोन्हींवर विश्वास नाही.

आणि जुनं नसलं तर? त्याचं उत्तर आत्ताच लिहून पाठव.

तुझा,
लायनेल

*

फर्नहॉल्ट
१६ फेब्रुवारी

प्रिय लायनेल,

मिसेस लोडर म्हणाल्या, "तुझा भाऊ पुस्तकांत राहतो ना? मग तो अर्धा आपल्यातलाच. पाठव." सोबत चार उतारे आहेत. चौथं चंद्राचं गाणं मला सगळ्यांत प्रिय आहे. ते इथेच लिहिते, म्हणजे तू उरलेल्यांत हरवणार नाहीस:

ये गं चांदणे, उतर अंगणी,
वाट दाखव चालत्याला;
परक्या मातीत थकून निजला,
घेऊन ये त्याला घराला.
दार लोटलंय, कडी नाही,
पाय पुसायचं कारण नाही.

मिसेस लोडरना हे त्यांच्या आईकडून आलं. वहीतलं बाकी सगळं त्यांना शिकवणाऱ्या बाईकडून आलंय. हे एकच घरचं.

जुनं नसलं तर काय, हे विचारलंस. आई गेल्यावर मी या गावात आले ते पोस्टाच्या खिडकीत बसायला. दहा वर्षं लोक माझ्याशी तिकिटांबद्दल बोलले. मग एक दिवस मिसेस लोडर मधाची बाटली पुढे करून म्हणाल्या, "पोरी, तू कधी हसतेस का?" आता मी इतकी हसते की चर्चचे व्हिकारसाहेब काळजीत आहेत. केस कापणारी मर्लिन, औषधांच्या दुकानातलं जोडपं, बस कंडक्टर, सगळे माझे आहेत. अगदी तो अडेलतट्टू मेजरसुद्धा. माझ्या छपराची गळती त्यानेच शिडीवर चढून बंद केली. हे वर्तुळ मोडलं तर मी परत त्या खिडकीत जाऊन बसेन, आणि यावेळी मला कळेल की मी एकटी आहे. तेव्हा जुनं असू दे रे. एवढंच.

तुझी,
हेस्टर

*

लीड्स
२० मार्च

प्रिय हेस्टर,

उशीर झाला, पण बेवड्यासारखा तुझ्या उताऱ्यांच्या नादी लागलो होतो.

पहिला, दीक्षेचा. डोळ्यांवर पट्टी, गळ्यात दोरी, छातीला टेकलेलं पातं. बाई गं, हे फ्रीमेसन या गुप्त मंडळाच्या लोकांकडचं आहे. माझे साहेब मेसन आहेत. त्यांना मी सहज दोन वाक्यं ऐकवली तर ते लाल झाले आणि 'हे तुला कुणी सांगितलं' म्हणून मागेच लागले.

दुसरा, देवीचं भाषण. इटलीतल्या लोककथांचं एक पुस्तक गेल्या शतकाच्या शेवटी छापलं गेलं, त्यावरून बराचसा घेतलाय. मध्ये कुणीतरी सुंदर भर घातली आहे. ती कुणाची ते मला सापडलं नाही.

तिसरा, मे महिन्याचा. हेस्टर, ही कविता आपण शाळेत पाठ केली होती! तू तिसऱ्या कडव्यात अडकली होतीस आणि रडली होतीस. तुला ओळखू कशी आली नाही?

हे वाचून पत्र फाडू नकोस, कारण आता चौथं. चंद्राचं गाणं मी लोकगीतांच्या यच्चयावत संग्रहांत शोधलं, भजनांच्या पुस्तकांत शोधलं, विद्यापीठातल्या एका प्राध्यापकालाही दाखवलं. कुठेही नाही! कुठल्याच छापील कागदावर हे गाणं नाही. भाषा साधी, घरगुती, एकही पुस्तकी शब्द नाही. असं गाणं एक माणूस बसून लिहीत नाही; ते पिढ्यान्‌पिढ्या तोंडातून तोंडात घासत गुळगुळीत होतं. माझ्या मते हे निदान चारशे वर्षांचं असावं. ती 'परकी माती' म्हणजे जुन्या फ्रान्सच्या लढाया असणार. प्राध्यापकांनाही तसंच वाटतं.

बाकी उसनं असेल, पण हे खरं सोनं आहे. मेजरना माझा नमस्कार सांग.

तुझा (आणि स्वतःवर भलताच खूश),
लायनेल

*

फर्नहॉल्ट
२४ मार्च

लायनेल, लायनेल, लायनेल!

तुला इथून मिठी. तुझं पत्र मी काल सगळ्यांसमोर वाचलं. फ्रीमेसनांचं ऐकून कंडक्टर म्हणाला, "म्हणजे आपण त्यांच्यापेक्षा स्वस्तात तेच करतो." शाळेच्या कवितेचं ऐकून मर्लिन खो खो हसली, कारण तिलाही ती पाठ होती आणि तीही गप्प बसली होती. मग चौथं वाचलं. मेजर उठले. मला वाटलं निघाले. ते माझ्यासमोर आले, माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, "मिस प्रॅग्नेल, मी आडमुठेपणा केला."

नंतर मला घरी सोडताना त्यांनी कारण सांगितलं. त्यांचा मुलगा डेनिस एक्केचाळीस साली बोटीबरोबर बुडाला. घरी अजून रात्रभर दारातला दिवा चालू असतो. म्हणाले, "ऑक्टोबरच्या शेवटी आपण गेलेल्यांना बोलावतो ना, तेव्हा मला एवढंच वाटतं की शब्द जुने असावेत. जुन्या शब्दांना वाट माहीत असेल. कुणी कालपरवा रचलेले असतील तर ते कुठे पोचणार?" मी त्यांच्या दंडाला धरून चालत राहिले.

आता सगळं ठरलं. तीस एप्रिलला मी पुरोहितीण होणार आणि तेच गाणं म्हणणार. मेजर पोर्ट वाइनची बाटली आणणार आहेत. तू ये!

तुझी,
हेस्टर

*

लीड्स
९ एप्रिल

प्रिय हेस्टर,

ईस्टर छान झाला. क्लेमन्सी मावशीकडे ईस्टबोर्नला गेलो होतो. ती अठ्ठ्याहत्तरची झाली आणि अजून समुद्राच्या वाऱ्याला शिव्या देते. मटण चांगलं होतं. तिच्या बागेतलं रुबार्ब यंदा लवकर आलंय. इकडे लीड्सला अजून थंडी आहे. वाचनालयाला नवा रंग देणार आहेत, बहुतेक हिरवा.

मी तीस तारखेला येऊ शकेन असं वाटत नाही. मेजरना तू फार काही बोलू नकोस.

तुझा,
लायनेल

*

फर्नहॉल्ट
१२ एप्रिल

लायनेल,

रुबार्ब? हिरवा रंग? गेल्या पस्तीस वर्षांत तू मला हवापाण्याबद्दल एक ओळ लिहिली नाहीस. तुला काय झालंय ते मला कळलं. तू मावशीला माझ्याबद्दल सांगितलंस, तिने तुला झापलं, आणि आता तुला चेटकिणीचा भाऊ म्हणवून घ्यायची लाज वाटते. वाटू दे. मावशी रविवारचं चर्च चुकवत नाही हे मला माहीत आहे. पण मला वाटलं होतं तू तरी माझ्या बाजूचा आहेस.

की तू आजारी आहेस? आजारी असशील तर वरचं सगळं खोड.

हेस्टर

*

लीड्स
१५ एप्रिल

माझ्या वेड्या बहिणी,

आजारी नाही. लाजही नाही. भित्रा आहे.

मावशी बटाटे सोलत होती. मी शेजारी बसून, फुशारकी मारत, तुझं चारशे वर्षांचं गाणं तिला म्हणून दाखवलं. ती सोलायची थांबली. मग इतकी हसली की सुरी हातातून पडली. मग डोळे पुसत उभी राहिली आणि शाळेत कविता म्हणतात तशी, हात पुढे करून म्हणाली:

हे शशिकले, तव शीतल किरणी
मार्ग दिसो त्या पथिकाला;
परभूमीवर श्रांत पहुडला,
आण तयाला सदनाला.
वीर आमुचा, धन्य आमुचा,
यशोगीत गाऊ त्याला.

तिने लिहिलंय हे, हेस्टर. एकोणीसशे एकवीस साली. आपण नॉटिंगहॅमला शाळेत होतो तेव्हा ती हॅम्पशरला कुठेतरी शिकवते एवढंच आपल्याला माहीत होतं ना? ते गाव थॉर्नी डाउन, तुझ्यापासून सायकलच्या अंतरावर. युद्धस्मारकासाठी निधी गोळा करायला तिथल्या महिला मंडळाने नाटुकलं बसवलं होतं. वाण्याची बायको पाठीला चहाचा ट्रे बांधून चंद्र झाली होती, आणि कोरसमध्ये गावातल्या बाया होत्या. एक गाढवही होतं. त्याने चंद्राची झालर खाल्ली.

म्हणजे माझं चारशे वर्षांचं सोनं सदतीस वर्षांचं निघालं, आणि आपल्या मावशीचं. प्राध्यापकाला मी अजून सांगितलेलं नाही.

आता काय करायचं ते तू ठरव. तू गप्प राहिलीस तर मीही राहीन, मावशीचं तोंडही बंद ठेवीन, आणि मेजरना कधीच कळणार नाही.

तुझा,
लायनेल

*

फर्नहॉल्ट
२० एप्रिल

प्रिय लायनेल,

तुझं पत्र पोस्टातच उघडलं आणि खिडकी बंद करून मागच्या खोलीत हसत बसले. चहाचा ट्रे! मग रडले. मग पुन्हा गाढवाचं आठवलं.

संध्याकाळी मिसेस लोडरकडे गेले. त्या मधमाश्यांच्या पोळ्यांपाशी होत्या, डोक्यावर जाळी. सगळं सांगितलं. त्यांनी जाळी वर केली. म्हणाल्या, "त्या साली मी साउथॅम्प्टनला घरकामाला होते. थॉर्नी डाउनला घरी परत आले तेव्हा आई कपडे पिळताना हे म्हणायची. तिला तिच्या आईकडून आलं असेल असं मी धरून चालले. विचारायचं सुचलंच नाही गं. आईला कोण विचारतं, हे तू कुठून आणलंस?" मग म्हणाल्या, "वही तुझ्याकडे येतेय. सांगायचं की नाही तेही तुझ्याकडेच आलं."

लायनेल, मी दोन दिवस गप्प राहायचा सराव केला. जमलं नाही. रोज सकाळी मेजर तिकिटं घ्यायला येतात आणि माझ्याकडे बघून हसतात. आधी ते हसत नसत. हे हसू मी खोट्यावर ठेवायचं, आणि मग त्यांच्या पोराला त्या खोट्यावरून बोलवायचं? मला नाही ते करता येणार. गेले तर जाऊ देत. सगळे गेले तरी जाऊ देत. मी रडेन, पण सांगेन.

मावशीला माझ्याकडे पाठव. कविता तिची आहे, तर तिनेही ऐकावी. तिला सांग, गरम कोट आणायचा आणि व्हिकारला पत्ता द्यायचा नाही.

तुझी,
हेस्टर

*

लीड्स
२६ एप्रिल

प्रिय हेस्टर,

मावशी मंगळवारच्या गाडीने येतेय. तिने नवी टोपी घेतली आहे. व्हिकारला तिने 'भाचीच्या बागकाम मंडळाला' जाते असं सांगितलं. खोटं बोलायचं तुझं कौशल्य कुठून आलं ते आता कळलं.

मी मात्र वाचनालयाच्या शिडीवरून पडलो आणि घोटा सुजलाय, तेव्हा मला येता येणार नाही. शपथेवर खरं. मला सगळं लिही, आणि वाईट झालं तर तेही लिही.

तुझा,
लायनेल

*

फर्नहॉल्ट
२ मे

प्रिय लायनेल,

लिहिते. हात अजून चिकट आहे, मधाचा केक उरलाय.

सूर्य मावळायच्या सुमाराला सगळे जमले. मिसेस लोडरनी वर्तुळ आखायला घेतलं तेव्हा मी म्हटलं, "थांबा, आधी मला बोलायचंय." आणि सांगून टाकलं. एकोणीसशे एकवीस, महिला मंडळ, चहाचा ट्रे. मावशीकडे बोट दाखवून म्हटलं, "आणि या त्या." मावशीने नव्या टोपीखालून सगळ्यांना 'गुड इव्हनिंग' म्हटलं.

कुणी हसलं नाही. मेजरचा चेहरा पाहवेना. ते म्हणाले, "म्हणजे नाटकच होतं." त्यांनी टोपी घातली आणि फाटकाकडे चालू लागले. कंडक्टर उठला. औषधवाले एकमेकांकडे बघायला लागले. वाटलं, झालं, संपलं.

तेवढ्यात मिसेस लोडरनी गाणं सुरू केलं. कुणालाही न विचारता, कपडे पिळताना म्हणावं तसं. मर्लिन सामील झाली, मग मी. मावशीही गुणगुणायला लागली, आमच्या शब्दांत तिचे पुस्तकी शब्द घुसडत. आणि शेवटच्या दोन ओळी आल्या तेव्हा ती एकदम थांबली.

"हे काय? हे मी लिहिलेलं नाही," ती म्हणाली. "माझं 'वीर आमुचा' होतं. हे पाय पुसायचं कुणाचं?"

मिसेस लोडर म्हणाल्या, "आई असंच म्हणायची." आणि मग त्यांनी तोंडावर हात ठेवला. "अगं बाई! आमचा जॉर्ज, माझा भाऊ. चिखलाचे बूट घेऊन तो घरभर फिरायचा आणि आई रोज त्याच्या अंगावर ओरडायची. पाय पूस, पाय पूस. शेवटच्या रजेवर आला तेव्हासुद्धा ओरडली होती. मग तो गेला तो गेलाच." त्या वर्तुळाच्या मध्ये गवतावर बसल्या. "मी हे तीस वर्षं म्हणतेय आणि मला आत्ता कळतंय."

मावशी त्यांच्याजवळ गेली, गुडघे कुरकुरत असताना खाली बसली आणि त्यांचा हात धरला. म्हणाली, "मी माझ्या भावासाठी लिहिलं होतं, आमच्या विल्फसाठी. तोही असाच लढाईत राहिला. मंडळाला सांगितलं स्मारकासाठी, पण होतं त्याच्यासाठीच. वीर लिहिलं कारण सगळे तसंच लिहीत होते. तुमच्या आईने बरोबर केलं." लायनेल, विल्फमामाचं नाव मी तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

फाटकाचा आवाज आला नव्हता. मेजर तिथेच उभे होते. ते परत आले आणि मावशीसमोर उभे राहून त्यांनी विचारलं, "मग आला का तो? तुमचा भाऊ?"

मावशी म्हणाली, "सदतीस वर्षांत नाही आला. पण आता या पायाच्या ओळी ऐकल्या ना, तेव्हा आल्यासारखा वाटला. मी स्वतः लिहिलेल्या शब्दांनी कधी नव्हता आला."

मेजरनी टोपी काढली आणि उत्तरेच्या बाजूला त्यांची नेहमीची जागा असते तिथे जाऊन उभे राहिले. मग त्यांच्या बाजूची चौघंही आपापल्या जागी गेली. कुणी काही ठरवलं नाही, कुणी भाषण केलं नाही. मिसेस लोडरनी मला विधीचं पातं दिलं, मी ते घेतलं, आणि मी पहिल्याच ओळीला अडखळले तेव्हा मेजरनीच गाणं उचललं. ते भयंकर बेसूर आहेत.

नंतर जी धमाल झाली! शेकोटीवरून उड्या मारायची रीत आहे. मावशीला शेकोटी झेपणार नव्हती म्हणून मर्लिनने तिच्यासाठी एक मेणबत्ती गवतात ठेवली, आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आपल्या मावशीने झगा वर धरून त्या मेणबत्तीवरून उडी मारली. टोपी मेणबत्तीवर पडली. टोपी गेली.

तुझी,
हेस्टर

*

फर्नहॉल्ट
२५ मे

प्रिय लायनेल,

नाही, मावशी अजून ईस्टबोर्नला परत गेलेली नाही, आणि तू तिची वाट बघू नकोस. तिला आमच्यात यायचंय. मी म्हटलं, आलीस तर वही उतरवून घ्यावी लागेल, पहिल्या पानापासून, पावाच्या कृतीसकट. ती म्हणाली, "मी चाळीस वर्षं पोरांना शुद्धलेखन घातलंय, मला काय सांगतेस."

गेला आठवडाभर ती माझ्या स्वयंपाकघरात बसून लिहिते आहे. समोर मेजर. त्यांनी वही आजवर उतरवलीच नव्हती, जुनी असल्याची खात्री होईपर्यंत म्हणून. आता रोज दुपारी येतात, माझी बिस्किटं संपवतात आणि एकेक अक्षर कोरल्यासारखं लिहितात. दारातला दिवा ते अजून लावतात. परवा म्हणाले, "आता मी त्याच्याकडे बघत बसत नाही, लावतो आणि झोपतो."

आज दोघं एकाच वेळी गाण्यापाशी पोचली. मी भांडी घासत होते. मावशीने मोठ्या अक्षरांत 'हे शशिकले' लिहिलं. मेजर वाकून बघून म्हणाले, "मॅडम, वहीत 'ये गं चांदणे' आहे."

"अहो, पण ही कविता माझी आहे!"

"असेल. वहीत जसं आहे तसं उतरवायचं, अशी इथली रीत आहे."

मावशी फणफणली, पण तिने ते खोडलं. चार ओळी गप्प लिहिल्या. मग शेवटी आली आणि हळूच 'वीर आमुचा' लिहायला लागली. तिला वाटलं त्यांचं लक्ष नाही.

मेजरनी लेखणी खाली ठेवली. "नाही, मॅडम. ते नाही लिहायचं. माझा डेनिस वीर वगैरे असेल, नौदलाने मला तसं पत्र पाठवलंय. पण तो घरी यायचा तेव्हा वाळूचे पाय घेऊन थेट जिन्यावर चढायचा. तो यायचा असेल तर तसाच येईल."

मावशीने चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. मी नळ बंद केला. तिने आपली ओळ खोडली, खुर्ची त्यांच्या बाजूला सरकवली आणि पुढच्या दोन ओळी त्यांच्या वहीत बघून उतरवून घेतल्या.

तुझी,
हेस्टर